‘बाई’ची नोकरी

आम्हा दोघा भावंडांचे वाढदिवस फेब्रुवारीतले. हा योगायोग नाही. आई प्राथमिक शिक्षिका. बाळंतपणाची तीन महिन्यांची रजा एप्रिल उलटताना संपायची, तिला मे महिन्याची सुट्टी जोडली की जूनमध्ये शाळेची घंटा होईपर्यंत मूल चार महिन्यांचं. मावशी आजही चिडवते, “तुम्ही पोरं वेळापत्रक बघून जन्मलात!”

“बाईमाणसाला शिक्षिकेची नोकरी बरी” हे वाक्य मराठी घरांतून इतकं फिरलंय की ते जात्यावरच्या ओव्यांइतकं जुनं वाटावं. पण मागे गेलं की भलतंच दिसतं. ही नोकरी लेकुरवाळ्या बाईसाठी सुरूच झालेली नव्हती.

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या तेव्हा बाईने घराबाहेर पडून शिकवणं हाच मुळात गुन्हा होता. त्यातून संसाराची सोय होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. पुढे मुलींच्या शाळा वाढल्या आणि अडचण उभी राहिली. मुलगी जरा मोठी झाली की पंतोजींपुढे बसवायला घरचे तयार नसत, म्हणून शिकवायला बायका हव्यात. त्या आणायच्या कुठून? मुलींची लग्नं दहा-अकराव्या वर्षी उरकलेली, म्हणजे अविवाहित मिळायच्या नाहीत. सासुरवाशिणीला कोण बाहेर पाठवणार? उरल्या विधवा आणि शाळामास्तरांच्या बायका. १८८२च्या हंटर आयोगानेही याच दोघींकडे बोट दाखवलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा, रमाबाई रानड्यांच्या नावाशी जोडलेलं पुण्याचं सेवासदन १९०९चं. या संस्थांतून विधवा शिकल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणी मास्तरणी झाल्या. पार्वतीबाई आठवले त्यांतल्याच, पदरी लहान मुलगा असलेल्या. शिकवणं हा निराधार बाईच्या पोटाचा मानाचा आधार होता. घरी वाट पाहणारा नवरा आणि रांगतं मूल गृहीत धरून ते कुणी आखलं नव्हतं.

ज्यांच्या घरी रांगतं मूल होतं त्या त्याच काळात गिरणगावात सूत गुंडाळत होत्या. बाळ दिवसभर गुंगीत राहावं म्हणून अफूची बाळगोळी देऊन त्या कामावर जात. ती देणाऱ्या आईला नावं ठेवणाऱ्यांनी पाळण्याची सोय मात्र केलेली नसायची. बाळंतपणाचा भत्ता देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९२९चा. त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर कायदेमंडळात बोलले होते. म्हणजे मूल आणि नोकरी यांची सांगड घालणारा कायदा आला तो कामगारणीसाठी. सुशिक्षित घरांत तोवर हा प्रश्न फारसा पडलेलाच नव्हता.

पडला तेव्हा उत्तर सोपं होतं : लग्न झालं की राजीनामा. मुंबईतल्या एका औषध कंपनीत वेष्टनं बांधणाऱ्या मुलींना हाच नियम होता. लग्न झालेल्या बायका खाडे फार करतात, असं मालकाचं म्हणणं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम मोडीत काढला आणि विचारलं की खाडे मुलांमुळे होत असतील, तर मुलं असलेल्या विधवाही करतीलच ना? विधवांना मात्र बंदी नव्हती! परराष्ट्र सेवेत बाईने लग्नाआधी परवानगी घ्यायची, या नियमावर सी. बी. मुथम्मांच्या खटल्यात १९७९ साली कोरडे ओढले गेले. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गरोदरपणी घरी पाठवण्याचा नियम तर १९८१पर्यंत टिकला.

या सगळ्यात शाळा तेवढी वेगळी राहिली. कुणी आईचा विचार केला म्हणून नव्हे. शाळेचं घड्याळच मुलांचं. मुलं घरी येतात तेव्हा बाईही येते, मुलांना सुट्टी तेव्हा तिलाही. दुसऱ्या कुठल्या कचेरीने आपलं घड्याळ बदललं नाही, म्हणून मुलीच डी.एड., बी.एड.कडे वळल्या. नुसतं ‘बाई’ म्हटलं की शिकवणारी, इतकं हे भाषेत मुरलं. गुरुजी, मास्तर, सर ही पदं. बाई म्हणजे मुळात नुसती बाई.

सोय तरी किती खरी? जनगणनेला बाई, मतदार याद्यांना बाई. बदलीच्या अर्जात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा रकाना आहे, यावरूनच काय ते समजावं. २००० साली शिक्षणसेवक योजना आली : ठरावीक मानधनावर तीन वर्षं काढायची, आणि ही वर्षं नेमकी लग्नाची नि पहिल्या मुलाची. १९६१च्या प्रसूती-लाभ कायद्यातली बारा आठवड्यांची रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली. राज्य सरकारने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, पण ती सरकारी आणि अनुदानित आस्थापनांत. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या बाईंना त्याचं काय?

परवा भाचीने आजीला सरळच विचारलं, “मुलं व्हायच्या बेताने शिक्षिका होऊ का गं?” आईने हो-नाही काही म्हटलं नाही. ती चौथ्या तासाबद्दल बोलू लागली. भाऊ चार महिन्यांचा होता. चौथा तास सुरू झाला की ब्लाउज ओला व्हायचा. पदर पुढे ओढून ती फळ्याकडे तोंड करून पाढे लिहायची. मधली सुट्टी वीस मिनिटांची, घर चालत बारा मिनिटांवर. म्हणून आमची आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन उभी राहायची.