काश्मिरी घराची ऊब

काश्मीर खोऱ्याच्या सामाजिक इतिहासात हिवाळ्याला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागते. 21 डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो; त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. 1956 साली बनिहालचा बोगदा खुला होण्यापूर्वी बर्फ पडले की दक्षिणेची खिंड बंद होई. आगोटीपूर्वी कोकणातील गृहिणी जी बेगमी करी, तीच येथे शरद ऋतूत होई. वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम कापून उन्हात वाळवले जात.

घराची रचनाही या काळाचा विचार करूनच झालेली असे. लाकडी चौकटीत विटा-मातीच्या भिंती, खेड्यांत तळमजल्यावर गुरे आणि माथ्यावर मातीचे छप्पर. या मातीखाली भूर्जवृक्षाच्या सालीचे थर अंथरलेले असत; त्यांतून पाणी झिरपत नसे. हीच साल काश्मिरी पंडितांनी लेखनासाठी वापरली. 1875 साली मुंबई सरकारच्या वतीने जॉर्ज ब्यूलर यांनी तेथून मिळवलेल्या हस्तलिखितांतील भूर्जपत्रावरील ऋग्वेद आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. ज्या सालीने छप्पर राखले, तिनेच वाङ्मयही राखले.

तथापि या संस्कृतीचे खरे मर्म कांगडीत आहे. सबंध दालन तापवण्याइतके सरपण सामान्य कुटुंबाला परवडणारे नव्हते. म्हणून तापवायचे ते माणसाला. वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात निखारे, वर राखेचा थर आणि हे सारे फेरनच्या आत. त्यासाठी चिनारची गळलेली पाने गोळा करून, ती जाळून, वेळीच पाणी शिंपडून कोळसा करावा लागे. हे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याचे. दगडी फरशीखाली विस्तव पेटवून तापवलेला ‘हमाम’ मात्र मशिदींत आणि सधन घरांतच आढळे. उबेलाही अशी प्रतवारी होती.

तिची किंमतही होती. पोट व मांड्यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षे धग बसल्याने होणाऱ्या कर्करोगाकडे डॉ. एल्म्स्ली यांनी 1866 सालीच लक्ष वेधले होते. म्हणून या परंपरेचे केवळ गुणगान करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. पुढे भूर्जसालीच्या जागी पत्रा आला, विटा-मातीच्या जागी सिमेंट आले. नव्या भिंती लवकर गार पडू लागल्या आणि तापवण्याचा भार इंधनावर व विजेवर गेला. ती खंडित झाली की हात पुन्हा कांगडीकडेच वळतात. जुन्या घराने ऊब शरदातच साठवून ठेवली होती. नव्या घराला ती रोज विकत घ्यावी लागते. या दोहोंतील अंतर नीट मोजल्यावाचून काश्मीरमधील गृहरचनेचा इतिहास पुरा होत नाही.