यंत्र, उस्ताद आणि जाते

दिवाळीच्या सुट्टीत घराघरांत पोरांचा गोंगाट असतो, तसा आमच्याही आळीत असतो. गेल्या वर्षी त्यात एक नवाच आवाज मिसळला. शेजारचा आठवीतला मुलगा मोबाईलवर गाणे ‘बनवीत’ होता! गाणे गातात, म्हणतात, फार तर बांधतात. बनवतात ते लाडू, अशी आमची समजूत. पण हा पठ्ठ्या आधी ठेका मांडी, त्यावर पेटीचा सूर ठेवी, नको ते पुसून टाकी. त्याची आजी ओट्यावरून म्हणाली, “यंत्राला काय कळतंय रे गाण्यातलं?”

वाचकहो, प्रश्न साधा खरा. पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट १९५७ सालापर्यंत मागे गेलो.

त्या साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज नावाचा अभियंता काम करीत होता. गृहस्थाला व्हायोलिनचा नाद. आवाज म्हणजे हवेत उठणारी लाट. तिची उंची सेकंदात हजारो वेळा मोजली, तर आकड्यांची लांबलचक माळ हाती येते. मग उलट केले तर? आधी आकडेच मांडले, तर कोणी कधी न वाजवलेला सूर त्यांतून निघेल! मॅथ्यूजने तशी आज्ञावली लिहिली. आकडेमोड न्यूयॉर्कातल्या आयबीएम ७०४ या अगडबंब यंत्रावर करायची, आकडे चुंबकीय फितीवर घेऊन प्रयोगशाळेत परतायचे आणि तेथे त्यांचा आवाज करायचा. एवढ्या खटाटोपातून न्यूमन गुटमन या त्याच्या सहकाऱ्याची रचना वाजली, ती अवघी १७ सेकंद!

पुढे यंत्रे आटोपशीर होत गेली. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना आणि संगणकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘मिडी’ ही सामाईक भाषा ठरली. २००० साली ऑडॅसिटी आली. आवाज भरण्याची, कापण्याची, एकावर एक थर चढवण्याची सोय फुकटात झाली. जे काम एकेकाळी बड्या प्रयोगशाळेचे, ते आता पोराच्या तळहातावर आले.

पण आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते लखनौत. जेम्स किपन हे संगीताचे अभ्यासक १९८० नंतरच्या काळात तेथे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे पलटे उस्तादांच्या हातून झरझर निघत. मूळ कायद्यातलेच बोल, पण त्यांची जागा बदलायची. खालीला ‘धा’चा ‘ता’ करायचा. आणि तरीही कायद्याची अब्रू राखायची! हे नियम कोणते? किपन यांचे स्नेही बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली रचली. यंत्र लहानसेच, ॲपल कंपनीचे. नियम भरले की ते नवे पलटे जुळवून पडद्यावर अक्षरांत दाखवी. मग ते उस्तादांपुढे ठेवायचे. काही त्यांना पसंत पडत, काही नापसंत. नापसंत पडले की नियम दुरुस्त करायचे आणि यंत्राने पुन्हा शिकायचे. मास्तर म्हणून मला याचे फार कौतुक वाटते. इथे विद्यार्थी यंत्र होते आणि परीक्षक उस्ताद. परीक्षा उलटी झाली नाही.

हेच बेल पुढे आपल्या महाराष्ट्राच्या कामी आले. पुण्याचे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेत होते. लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. १९९० नंतर बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्ष आवाजासह डिजिटल फितीवर उतरल्या, संगणकात लावून ठेवल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करू लागले. पिठाची गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली. ओव्या मात्र एवढ्या तरी वाचल्या.

माझ्या आईच्या वाचल्या नाहीत. पहाटे तिच्या मांडीवर डोके ठेवून मी त्या ऐकल्या, आणि आता चार ओळीदेखील धड आठवत नाहीत.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरचे जाते काढवले आणि आजीला दळायला बसवले. ओव्या मोबाईलमध्ये भरल्या, खाली झोकदार ठेका बसवला आणि ऐकवल्या. आजीने मान हलवली. “हे माझं नव्हे. जातं असं सरळ फिरत नाही. वैरण घालताना हात थांबतो, ओढताना जड होतो. त्यातच ओवी बसते.”

पोरगा हिरमुसला, पण संध्याकाळी पुन्हा बसला. तयार ठेका त्याने पुसून टाकला आणि जात्याच्याच घरघरीचे तुकडे, आजीच्या हाताच्या थांब्यांसकट, एकापुढे एक लावले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाके निवल्यावर, आम्ही सगळे ओट्यावर बसून ते ऐकले. आजी काही बोलली नाही. तिसऱ्या ओवीला मात्र तिचा उजवा हात मांडीवर हळूच गोल फिरू लागला.