कॅनबेराचा बॅक्स्टर

कॅनबेरा म्हटलं की लोकांना संसद आठवते, मला रॉडनी बॅक्स्टर. १९६४ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट घेऊन गडी थेट इराक पेट्रोलियम कंपनीत! वर्षभरात परतला हे नशीब. (पगार तिकडेच बरा असणार.)

१९७१ मध्ये त्याने 'एट-व्हर्टेक्स मॉडेल' अचूक सोडवलं: जाळीच्या प्रत्येक चौकात चार बाण, मांडण्या फक्त आठ. तापवलेल्या चुंबकाचं चुंबकत्व ज्या घातांकाने ओसरतं, तो कणांमधल्या बलाच्या तपशिलावर अवलंबून नसतो असं तेव्हा मानत. इथे मात्र तो बलानुसार सरकत होता!

१९८९ मध्ये दुसऱ्यांनी 'कायरल पॉट्स मॉडेल'च्या चुंबकत्वाचं सूत्र अंदाजाने मांडलं. आकडे जुळत होते. आम्हा इंजिनियरांना तेवढं पुरतं. सिद्धता आली २००५ मध्ये, बॅक्स्टरकडूनच. तोवर तो निवृत्त झाला होता.