सायकलचें मागील चाक

पूर्वीच्या उंच सायकलीचीं पायडलें पुढील चाकालाच जोडलेलीं असत. १८८५ मध्यें जॉन केंप स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली, आणि साखळीनें मागील चाक फिरविण्याची रीत रूढ झाली. पडण्याचें भय ओसरलें. परंतु मागील चाक साखळीच्या बंधनांत सांपडलें. १८८८ मध्यें डनलॉपनें हवेचा टायर काढला. ट्यूब बदलावयाची तर तें बंधन सोडविणें आलें.

त्याच वर्षीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचा सायकलींचा व्यापार सुरू झाला. तेथें गिऱ्हाइकांस सायकलवर बसावयासहि शिकवीत. यंत्राबरोबर विद्याहि द्यावी लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

मागील चाकाची विद्या थोडकीच आहे. दोन्ही नट सैल करावे, चाक पुढें सरकवून साखळी उतरवावी व चाक बाहेर घ्यावें. बसवितांना आधीं साखळी चढवावी, मग आंस मागें ताणावा. साखळीस मधोमध सुमारें अर्धा इंच ढील राहावी. चाक सरळ आहेसें पाहून नट आळीपाळीनें आवळावे.

सातपुड्यांत, तळोद्याहून धडगांवाकडे जाणाऱ्या घाटांत, ही विद्या व एक पान्हा जवळ असेल तर सायकल स्वाराला वाहते. नसेल तर स्वारालाच सायकल वाहावी लागते.