सव्विसाव्या वर्षी रिटायर!

१७ जून १९८२. स्पेनमधल्या वर्ल्ड कपमध्ये नॉर्दर्न आयर्लंडचा नॉर्मन व्हाइटसाइड मैदानात उतरला, तेव्हा त्याचं वय होतं १७ वर्षं ४१ दिवस. पेलेचा १९५८ सालचा विक्रम मोडला! १९८५च्या एफ. ए. कप फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडचे दहाच जण उरले होते; एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल यानेच मारला. पण गुडघा साथ देईना. १९९१ मध्ये, २६व्या वर्षी, खेळ संपला. आपल्याकडे या वयात जेमतेम पहिलं प्रमोशन मिळतं! गडी पुन्हा अभ्यासाला बसला, पावलांच्या विकारांचा तज्ज्ञ झाला आणि फुटबॉलपटूंचेच पाय तपासू लागला. त्याचा विक्रम सगळे सांगतात. मला मात्र ही दुसरी इनिंग जास्त मोठी वाटते.