विष सापडलंच नाही, तरी

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार. जुन्या मिलचा भोंगा मागे पडतो आणि तुम्ही सोलापूर स्टेशनात पुण्याच्या गाडीत चढता. द्वैभाषिक मुंबई राज्य होऊन बाराच दिवस झालेत; मुंबई महाराष्ट्राला कधी मिळणार, यावर डब्यात हमरीतुमरी चाललीय. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यात जाते. पुण्याला उतरून तुम्ही रात्रीची मुंबई पॅसेंजर पकडता. पुढे विजेचं इंजिन, त्यामुळे डोळ्यांना जरा आराम.

याच गाडीत शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे आहेत. विधवा, घरच्या सुखवस्तू, मधुमेह आणि क्षयानं गांजलेल्या. सोबत त्यांचे घरचे डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. मुंबईच्या तज्ज्ञाला प्रकृती दाखवायचीय. आजारी बाई आणि काळजीवाहू डॉक्टर. तुम्ही दुसऱ्यांदा वळूनही बघत नाही. घाटात तुमचा डोळा लागतो. त्या रात्री गाडीत नेमकं काय झालं, हे पुढे एकाही साक्षीदाराला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.

पहाटे बोरीबंदर. बाई बेशुद्ध. सेंट जॉर्ज हॉस्पिटल स्टेशनाला खेटून आहे, पण डॉक्टर त्यांना जी. टी. हॉस्पिटलात नेतात. तुम्ही मागोमाग जाता. केसपेपरवर नाव लिहून घेतलं जातं: इंदुमती. आडनावही दुसरंच. तुम्ही चमकता, पण लिहिणाऱ्याला कसं कळावं? लघवीत साखर निघते, इन्शुलिन टोचलं जातं. साडेअकराला बाई जातात.

प्रेत ताब्यात घ्यायला कुणी येत नाही. बेवारस म्हणून ते शवागारात राहतं. शवविच्छेदन होतं ते २३ नोव्हेंबरला. रासायनिक तपासणीचा निष्कर्ष: विष आढळलं नाही.

खुनी इथेच गप्प बसला असता तर? पण त्याला बाईंची मालमत्ता हवी आहे, आणि ती सह्या करून द्यायला बाई जिवंत असायला हव्यात. काही आठवडे पुढे सरका. कर्व्यांच्या आप्तांना लक्ष्मीबाईंच्या नावानं पत्रं येऊ लागलीत: मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडीला सुखात आहे, शोध घेऊ नका. तिकडे बनावट सह्यांवर शेअर्स आणि पैसे हलतायत. पत्र वाचणाऱ्या नातेवाइकाच्या शेजारी उभे राहा. एवढी आजारी बाई, मुलाला न सांगता, परमुलखात संसार थाटते? शंका तिथून वाढते, तक्रार होते आणि १९५८मध्ये डॉक्टरांना अटक होते.

आता दिल्ली, १४ डिसेंबर १९५९. फाशीच्या शिक्षेविरुद्ध डॉक्टरांचं अपील सर्वोच्च न्यायालयात आलंय; तिथे मागच्या बाकावर बसा. बचाव साधा आहे: विषच नाही, तर विषप्रयोग कसला? तिघा न्यायमूर्तींपैकी सरकार यांना तो पटतो; मृत्यू विषानंच झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं ते म्हणतात. हिदायतुल्ला यांनी लिहिलेला बहुमताचा निकाल वेगळा आहे. ज्याला औषधं कळतात तो सापडणारं विष कशाला निवडेल? खोटं नाव, बेवारस सोडलेलं प्रेत, मेलेल्या बाईची पत्रं, लुटलेली मालमत्ता: परिस्थितीची ही साखळी गुन्ह्याशिवाय दुसरीकडे जात नाही. फाशी कायम.

परत या आजच्या सोलापुरात. विष न सापडल्याचा फायदा आरोपीला आपोआप मिळत नाही, हे सांगण्यासाठी वकील आजही याच निकालाचा दाखला देतात. प्रयोगशाळेला चकवता आलेल्या माणसाला त्याच्याच हावेनं पकडून दिलं.