दोन कार्डांचा हिशेब

२००९च्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने मला विचारले, “काका, गेमसाठी एक भारी ग्राफिक्स कार्ड घेऊ, की त्याच पैशांत मधली दोन जोडून लावू?” माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, यंत्रांचा इतिहास हा माझा मी गिरवलेला विषय. तरी काका सांगेल ते खरे, असा त्याचा भरवसा. मी चाचण्यांची कोष्टके पाहिली, सरासरी पाहिली आणि ‘दोन घे’ म्हणालो. लॅमिंग्टन रोडवरून कार्डे आली. कोष्टकातला आकडा मिळाला, पण खेळताना चित्र अडखळे. तो मला काही बोलला नाही. आपले काय चुकले, हे शोधता शोधता मी या जोडणीच्या इतिहासात शिरलो.

ही कल्पना घराघरांत नेली ती थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने. १९९८ साली तिचे ‘व्हूडू २’ आले. दोन कार्डे केबलने जोडली की पडद्यावरच्या आडव्या ओळी ती वाटून घेत. एकाकडे सम ओळी, दुसऱ्याकडे विषम. एकटे कार्ड ८०० बाय ६०० ठिपक्यांपर्यंत जाई, जोडी १०२४ बाय ७६८ पर्यंत. पद्धतीचे नाव ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’, म्हणजेच एसएलआय. दोन्ही कार्डे एकाच वेळी एकाच चित्रावर राबत, हे इथे ध्यानात ठेवावे.

डिसेंबर २०००मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेत असल्याचे जाहीर झाले. २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय हीच अक्षरे पुन्हा आणली. अर्थ मात्र आता ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’. पुढच्याच वर्षी एटीआयचे ‘क्रॉसफायर’ आले. वाटणीही बदलली. बहुतेक खेळांत आता ओळींऐवजी अख्ख्या फ्रेम वाटल्या जात: पहिली एका कार्डाची, दुसरी दुसऱ्याचे. दोघांना तीच आकडेमोड दोनदा करावी लागत नसल्याने वेग वाढला. स्मरणशक्ती मात्र वाढली नाही, कारण खेळातली सारी सामग्री दोन्ही कार्डांत वेगवेगळी ठेवावी लागे. एकेक जीबीची दोन कार्डे म्हणजे व्यवहारात एकच जीबी.

तरी दोन घेणे हा वेडेपणा नव्हता. २०१० साली ‘जीटीएक्स ४८०’ची अमेरिकेतली जाहीर किंमत ४९९ डॉलर होती, १ जीबीचे ‘जीटीएक्स ४६०’ २२९ डॉलरना, म्हणजे जोडी ४५८ला. अनेक चाचण्यांत जोडीचीच सरासरी वरचढ ठरली.

खोट होती ती या सरासरीत. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद. पण एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत आली आणि पुढची २८त, तरी सरासरी साठच भरते. डोळ्यांना मात्र अडखळ जाणवते. २०११मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॅसन यांनी सेकंदातल्या फ्रेम मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली. खेळणारे आधीपासून ज्याबद्दल कुरकुरत होते, ते आलेखावर दिसू लागले. २०१३मध्ये एएमडीने फ्रेममधले अंतर सारखे करणारे ड्रायव्हर काढले.

तोवर खेळही बदलत होते. नवी फ्रेम रंगवताना आधीच्या फ्रेममधली माहिती वापरण्याची तंत्रे रुळली; मग दुसऱ्या कार्डाला पहिल्याची वाट पाहणे भाग पडले. २०२१च्या आरंभापासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठी एसएलआयची जुळणी पुरवणे थांबवले. २०२२च्या ‘आरटीएक्स ४०९०’वर तर जोडणीची खाचच उरली नाही.

पुतण्याला हे सारे गेल्या वर्षी सांगितले. तो हसून म्हणाला, “काका, मला तेव्हाच दिसत होतं. पण तुमच्याकडे आकडे होते.”

पावसाने सरासरी गाठली तरी मधल्या खंडाने पीक जाते, हे आमच्या गावात कुणालाही ठाऊक आहे. मलाही होते. तरी समोर बसून खेळणाऱ्या मुलाला ‘कसे दिसते?’ एवढे मी विचारले नव्हते. आता कोणत्याही नोंदवहीत सरासरी दिसली, की मी आधी तिच्यामागच्या एकेका दिवसाची नोंद शोधतो.